उंबऱ्यावरची शाळा

"मिशननं शाळा काढल्या म्हणून आपण चार बुकं शिकलो, आणि तू पोरांना शाळेपासून लांब ठेवणार?"

थोरल्याला पहिलीत न घालता घरीच शिकवायचं आम्ही दोघांनी ठरवलं, तेव्हा सासूबाईंनी हे विचारलं. त्या दुखावल्या होत्या, आणि त्यांचं म्हणणं मला आजही रास्त वाटतं. त्यांच्या आजोबांच्या हाती पाटी आली ती मिशनच्या शाळेत. रॉयल आणि एलायझा वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी जोडपं 1852 मध्ये कोल्हापुरात आलं. शाळा हा त्यांच्या कामाचा कणाच होता. मिशनच्या शाळांवर वाइल्डरांनी 1861 मध्ये आख्खं पुस्तक लिहिलं. पुढं 1917 मध्ये शाहू महाराजांनी करवीर संस्थानात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला आणि पोर शाळेत न धाडणाऱ्या आईबापाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. ज्या मुलखात राजानं दंड लावून पोरं शाळेत आणली, त्याच मुलखात स्वतः डी.एड. झालेली सून आपली पोरं घरी ठेवते म्हणते, हे त्यांच्या गळी कसं उतरावं?

आम्ही नेसरीत राहतो, गडहिंग्लज तालुक्यात. नवरा जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला आहे. लग्नाआधी मी कोल्हापुरात पहिली-दुसरीचे वर्ग घेत असे. आमच्या आळीत ख्रिस्ती घर आमचं एकटंच. आजऱ्याच्या बाजूला पिढ्यांपूर्वी गोव्याकडून आलेली कॅथलिक घरं आहेत. आम्ही मिशनकडचे, प्रॉटेस्टंट. रविवारी उपासनेला गडहिंग्लजच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, जातो.

थोरला उशिरा बोलायला लागला. घरात बोलायचा, पण परक्या माणसासमोर त्याचं तोंड उघडत नसे. पाच वर्षं झाली तरी तसंच. वर्गात गप्प बसणाऱ्या मुलाचं काय होतं ते मी बाई म्हणून पाहिलेलं होतं. कुणी त्याला मारत नाही, कुणी वाईट वागत नाही, फक्त त्याच्यापर्यंत दिवसभरात कुणी पोचतच नाही. याला अजून दोन वर्षं आपल्याजवळ राहू द्यावं, असं माझ्या मनानं घेतलं. दुसरं कारण श्रद्धेचं. पवित्र शास्त्रात अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात आईबापांना सांगितलंय की देवाच्या आज्ञा मुलांच्या मनावर बिंबवा, घरात बसलेले असताना, वाटेनं चालताना, निजताना आणि उठताना. मुलाला अक्षर आणि प्रार्थना एकाच मांडीवर मिळावी, ही माझी ओढ तिथून आलेली. त्या वचनात घर आहे तशी वाटही आहे, हे मात्र मला शिकवता शिकवता जास्त जास्त पटत गेलं, आणि या लेखात सांगायचं आहे ते मुख्यतः त्या वाटेबद्दल.

आमचं ठरल्यावर मंडळीतल्या एका ओळखीच्या कुटुंबानं परदेशी अभ्यासक्रमाचा एक संच पाठवला. सगळी पुस्तकं इंग्रजीत, कागद गुळगुळीत, चित्रांत बर्फ, ओकची झाडं आणि लाल रंगाची कोठारं. मी ती सगळी वाचली. पंधरा-वीस मिनिटांचे छोटे पाठ, ऐकलेलं मुलाकडून पुन्हा सांगून घेणं, रोज बाहेर हिंडणं, हे त्यातलं मला मनापासून आवडलं. ते मुळात शार्लट मेसन या इंग्लिश बाईंचं. घरच्या शिक्षणावरचं त्यांचं पुस्तक 1886 चं. पण संचाच्या प्रस्तावनेत आईबापांना जे सांगितलं होतं, ते मला मान्य झालं नाही. बाहेरचं जग मुलांना बिघडवतं, शाळा श्रद्धा काढून घेते, म्हणून त्यांना घरात राखा, असा सूर होता. जिथं गावच्या गाव ख्रिस्ती आहे तिथं कुणी असं म्हणत असेल तर म्हणो. नेसरीत हे बोलणं म्हणजे शेजाऱ्यांकडे पाठ फिरवणं. माझ्या बाळंतपणात मला भाकऱ्या कुणी थापून दिल्या? सासरे गेले तेव्हा रात्रभर अंगणात कोण बसून होतं? शेजाऱ्यावर प्रीती करा असं शिकवायचं आणि त्याच शेजाऱ्यापासून पोराला वाचवायचं, हे दोन्ही एका तोंडानं मला बोलता येणार नाही. तो संच मी कपाटात ठेवला आणि बालभारतीची पुस्तकं आणली.

आता रोजच्या कामाबद्दल सांगते, कारण घरी शिकवणं म्हणजे बहुतेक वेळ कामच असतं. सकाळी दूध, चहा, डबा, भांडी झाल्यावर आम्ही पडवीत बसायचो. आधी एक छोटी प्रार्थना, मग आठवड्याचं सुवर्णवचन, म्हणजे पाठ करायचं बायबलमधलं वचन, मग अक्षरं. पाटीपेन्सिल मी लगेच दिली नाही. पितळी परातीत बारीक चाळलेली रेती पसरायची आणि बोटानं अक्षर काढायचं. आपल्याकडे जुन्या काळी धूळपाटीवर असंच शिकवत, आणि माँटेसरी पद्धतीतही वाळूची तबकं असतात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी 1945 मध्ये बोर्डीला बालवाडी सुरू केली तेव्हा महागडी साधनं बाजूला ठेवून गावात मिळेल त्यातूनच साधनं केली होती, डी.एड.ला त्यांच्याविषयी वाचलेलं मला इथं रोज उपयोगी पडलं. रेतीत चूक झाली की हात फिरवायचा, संपलं. खाडाखोड दिसत नाही, म्हणून गप्प राहणारं मूलही हात चालवतं. म, क, न, घ, र एवढ्यावर आम्ही खूप दिवस रेंगाळलो. त्यातून 'मका' आणि 'घर' जमलं तेव्हा त्यानं परात उचलून आजीला दाखवायला नेली आणि निम्मी रेती स्वयंपाकघरात सांडली.

गणितासाठी सासूबाईंनी माळ्यावरून जुनी मापं काढून दिली. निळवं, कोळवं, चिपटं, मापटं, शेर, अडशिरी, पायली. प्रत्येक माप मागच्याच्या दुप्पट. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अडशिरी, दोन अडशिऱ्यांची पायली. तांदूळ ओतून ओतून त्यानं दुप्पट आणि निम्मं हाताला कळवून घेतलं, आणि एका पायलीत चिपटी किती हे विचारल्यावर ओतायच्या आधीच "सोळा" म्हणाला. शिकवणाऱ्या आजीच होत्या. मी शेजारी बसून पालेभाजी निवडत होते. त्या दिवसानंतर त्यांचा विरोध मावळत गेला. ट्रंकेत जपून ठेवलेले 'बालबोधमेवा'चे काही जुने अंक त्यांनीच बाहेर काढले. 1873 मध्ये निघालेलं मिशनचं हे मुलांचं मासिक. पुढं रेव्हरंड टिळकांचाही त्याला हात लागला. त्यातली भाषा मुलांना जड जायची, मग आजी ती आपल्या बोलीत फिरवून सांगायच्या.

या कामात दमायला होतं. शाळेत बाई घंटा झाली की सुटते, घरी आई सुटत नाही. दूध उतू जातंय आणि मूल वाचता वाचता एका शब्दावर अडलंय, अशा वेळी कुणाकडं आधी बघायचं? मी शब्दाकडं बघायची. दूध पुष्कळदा गेलं.

दुपारी पोरं शेतावर असायची. शेजारचे आबा सत्तरीच्या पुढचे, पण पेरणीला अजून स्वतः उभे राहतात. एका संध्याकाळी मी पेरणाऱ्याचा दाखला सांगितला होता. पेरणारा पेरायला निघाला, काही बी वाटेवर पडलं, काही खडकाळ जमिनीत, काही काटेरी झुडपांत आणि काही चांगल्या जमिनीत. थोरल्यानं ऐकलं, परत नीट सांगितलं आणि विचारलं, "मम्मी, तो वाटेवर कशाला पेरत होता?" आमच्याकडे भात कुरीनं पेरतात. कुरीच्या नळ्यांतून बी सरळ तासात पडतं, वाटेवर पडायचा प्रश्न येत नाही. मी म्हटलं, हे आबांना विचार.

दुसऱ्या दिवशी तो विचारायला गेला, मी मागं. परक्या माणसाशी न बोलणारा हा मुलगा आबांसमोर उभा राहून म्हणाला, "आबा, गोष्टीतल्या शेतकऱ्याचं बी वाटेवर का पडलं? तुमचं पडत नाही."

आबांनी काम थांबवलं. "त्येच्याकडं कुरी नसंल रं. फोकून पेरत आसंल. आमचा आजा तीळ आसाच फोकायचा." मग त्यांनी मुठीत बी घेतलं आणि पायाच्या चालीवर हात फिरवून दाखवलं. मूठ सैल ठेवायची, बोटांच्या फटीतनं बी सुटू द्यायचं, उजवा पाय पुढं पडला की हात बाहेर. "आता हे बग, बांधावर बी गेलं का न्हाई? जाणारच. पाखरं खात्यात त्ये."

"आणि खडकाळ जमिनीत?"

"मुरमात व्हय? मुरमात बी लई लगीच उगावतंय. वर मातीचा थर पातळ, त्यो बिगीनं तापतोय. पर मुळी खाली जाईत न्हाई. चार दिस ऊन पडलं की गेलं."

शुभवर्तमानात नेमकं हेच आहे. खडकाळ जागी माती खोल नसल्यानं बी लवकर उगवलं आणि मूळ नसल्यानं उन्हानं करपलं. आबांनी ही गोष्ट कधी ऐकली नव्हती. मी संडे स्कूलपासून ती ऐकत आले, मोठेपणी प्रवचनं ऐकली, पण 'लवकर का उगवलं' याचं उत्तर मला नेसरीच्या एका शेतकऱ्यानं बांधावर उभं राहून दिलं. घरी जाताना थोरला सैल मूठ करून हवेत बी फोकत चालला होता. त्यानंतर दर दोन दिवसांनी तो आबांकडे काही ना काही विचारायला जाऊ लागला. त्याचं तोंड उघडलं ते तिथं.

संध्याकाळी आळीतली पोरं आमच्या पडवीत गोष्टी ऐकायला जमायची. एक गोष्ट मी पहिल्यापासून पाळली. ती मुलं आली की पंचतंत्र, इसाप, साने गुरुजी, अकबर-बिरबल. प्रार्थना आणि वचन आमच्या घरच्यांपुरतं, ती आपापल्या घरी गेल्यावर. मंडळीतल्या काहींना हे पटलं नाही. संधी आहे तर का सांगत नाहीस, असं मला विचारलं गेलं. आईबाप विश्वासानं पोरं पाठवतात, त्या विश्वासाला माझ्याकडून तडा जाणार नाही, एवढंच माझं उत्तर होतं. कुणाच्या आईनं विचारलं, "वैनी, तुमच्यात नाताळ म्हंजे काय असतंय?" तर मी मोकळेपणानं सांगते, करंज्याही देते. विचारल्यावर सांगणं वेगळं आणि लहान मुलाला त्याच्या घरच्यांच्या नकळत सांगणं वेगळं.

घरी शिकवलं की मूल आपल्या श्रद्धेत पक्कं होतं, असं जे म्हणतात त्यांना मी पंडिता रमाबाईंची आठवण करून देते. मराठी ख्रिस्ती माणसाला माहीत असलेली घरच्या शिक्षणाची सर्वांत मोठी कहाणी त्यांचीच. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांना लोकांचा रोष पत्करावा लागला, आणि ते गंगामूळच्या रानात जाऊन राहिले. तिथं 1858 मध्ये रमाबाईंचा जन्म झाला. वडील थकले होते, म्हणून मुलीला शिकवलं ते आईनं, लक्ष्मीबाईंनी. दिवसभर घरकाम आणि विद्यार्थ्यांचं करणं, म्हणून वेळ मिळायचा तो पहाटे. झोपेनं जड झालेल्या मुलीला लाडानं उठवून, मांडीवर घेऊन, पाखरांची किलबिल सुरू असताना ती माउली पाठ द्यायची. हातात पुस्तक नाही, सगळं तोंडी. त्यातून रमाबाईंना भागवत पाठ झालं, संस्कृत त्यांच्या जिभेवर बसलं, आणि पुढं कोलकात्याच्या पंडितांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं.

आणि हीच मुलगी 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला ख्रिस्ती झाली. तिनं केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, एकटीनं बायबल मराठीत आणलं.

ख्रिस्ती म्हणून मला या शेवटाचा आनंद आहे. पण आई म्हणून मी त्या पहाटेच्या लक्ष्मीबाईंकडे बघते. त्यांनी जीव ओतून शिकवलं ते लेकीनं आपल्याच मार्गानं जावं म्हणून, आणि लेक दुसऱ्या मार्गानं गेली. शोधायची ताकद मात्र आईच्याच शिकवणीतून आली. मी माझ्या मुलांना येशूच्या गोष्टी सांगते, कारण त्या मला खऱ्या वाटतात आणि माझ्याकडे त्यांच्याहून मोलाचं दुसरं काही नाही. ती मोठेपणी काय धरतील ते माझ्या हातात नाही, आणि घरात कोंडून ते माझ्या हातात येणारही नाही. माझ्या नवऱ्याचे पणजोबाही घरी शिकवलेलं सोडूनच ख्रिस्ती झाले होते ना?

नेसरीत राहून इतिहास शिकवायला पुस्तक लागत नाही. गावाजवळच्या खिंडीत शिवाजी महाराजांचे सरनोबत प्रतापराव गुजर यांचं स्मारक आहे. कुसुमाग्रजांच्या कवितेमुळं ती सात जणांची दौड सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे, पण इथल्या पोरांना ती आपल्या गावची वाटते. मी थोरल्याला तिथं घेऊन गेले आणि मागचंही सांगितलं. 1673 मध्ये उमराणीला प्रतापरावांनी बहलोल खानाला कोंडीत पकडलं आणि मग जाऊ दिलं. खान पुन्हा उलटला. महाराज रागावले. तो बोल मनाला लागून सरनोबत 24 फेब्रुवारी 1674 ला सहा सोबत्यांनिशी खानाच्या फौजेवर तुटून पडले.

तो बराच वेळ दगडी पायरीवर बसून होता. मग म्हणाला, "शत्रूला सोडलं म्हणून महाराज रागावले. पण तू तर सांगतेस, शत्रूवर प्रीती करा."

सहा-सात वर्षांच्या मुलाला याचं उत्तर काय द्यायचं? मी म्हटलं, महाराजांवर लाखो रयतेची जबाबदारी होती, खान परत आला तर गावं जळणार होती. सोडून देणारे प्रतापराव वाईट नव्हते आणि रागावणारे महाराजही वाईट नव्हते. त्याचं तेवढ्यावर समाधान झालं नाही. "मग महाराजांनी त्यांना माफ केलं का?" तेव्हा मी त्याला जानकीबाईंचं सांगितलं. महाराजांनी 1680 मध्ये आपल्या राजारामाचं लग्न प्रतापरावांच्या मुलीशी लावलं. हे ऐकून तो उठला, "मग केलं," म्हणाला, आणि आम्ही घरी आलो. मला वाटतं, शुभवर्तमान आणि शिवचरित्र दोन्ही एका मुलाच्या डोक्यात एकमेकांना असं भिडावं, यासाठीच मी त्याला जवळ ठेवलं होतं.

आठ वर्षं पूर्ण झाल्यावर त्याला आम्ही गावच्या मराठी शाळेत, आमच्याकडं तिला विद्या मंदिर म्हणतात, तिसरीत घातलं. ज्यांना हे करायचं असेल त्यांच्यासाठी सांगते: शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे, 6 ते 14 वयाच्या प्रत्येक मुलाला शाळेचा हक्क आहे, आणि त्याच्या चौथ्या कलमानुसार आधी शाळेत न गेलेल्या मुलाला वयाप्रमाणं वर्ग मिळतो, मागं राहिलेलं भरून काढायला मदतही मिळायला हवी. दहावीपर्यंत घरीच शिकवणारे लोक राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेकडं जातात किंवा परीक्षेला बाहेरून बसण्यासाठी 17 नंबरचा फॉर्म भरतात. मला तो रस्ता घ्यायचा नव्हता. तिसरीपासून मुलाला त्याच्या वयाची तीस पोरं लागतात, कबड्डीत ढकलणारी, डब्यातलं पळवणारी, आणि आईपेक्षा वेगळं बोलणाऱ्या बाई लागतात.

पहिल्याच वर्षी दसऱ्याला पाटीपूजन आलं. सगळ्यांनी पाटीवर सरस्वती काढायची होती. त्यानं आदल्या रात्री विचारलं, "मी काय करू?" मी आणि नवरा बोललो. नवरा म्हणाला, पाटी आणि पुस्तक ज्यानं दिलं त्याचे आभार मानायला आपल्याला अडचण कसली? आम्ही त्याला सांगितलं की सगळ्यांबरोबर आदरानं उभं राहा, मित्रांची फुलं मांडू लाग, आणि मनात आपली प्रार्थना कर. बाईंनी विचारलं तर खरं ते सांग. त्यानं पाटीवर आपलं सुवर्णवचन सुबक अक्षरात लिहून नेलं. बाईंनी ती पाटी इतरांच्या पाट्यांबरोबर मांडली. यावर आमच्या मंडळीत दोन मतं आहेत, ती राहतील. मला आमचा निर्णय योग्य वाटतो.

आता धाकटीचं. ती याच्या उलट. बोलण्यात सगळ्यांना पुरून उरणारी, दादाचं दप्तर पाठीला लावून फाटकापर्यंत जाणारी. रेतीच्या परातीत तिचं मन पाच मिनिटं लागत नाही. पण चार पोरी आल्या की त्यांना रांगेत बसवून तीच शिकवते. तिला घरी ठेवायचं काहीच कारण मला दिसत नाही. सकाळची प्रार्थना, आजीची मापं, आबांचं शेत हे तिला शाळेत गेल्यावरही आहेच. मंडळीतल्या एका बाईंनी विचारलं, "एकाला घरी शिकवलं, आता हिला का नाही?" मी म्हटलं, त्याला गरज होती म्हणून त्याला ठेवलं, हिला गरज नाही.

तिला सहा वर्षं पूर्ण होतायत. येत्या जूनमध्ये पहिलीत घालणार आहोत. जन्मदाखला आणि आधार कार्डाच्या झेरॉक्स काढून ठेवल्या आहेत, आणि सासूबाईंनी गडहिंग्लजच्या बाजारातून तिच्यासाठी पाटी आणली आहे.